पुनवेच्या पाच दिवस आधी

मी पदवीधर झालो तो अक्कांमुळे. हे वाक्य मी आजवर पुष्कळदा बोललो आहे. नोकरी लागली तेव्हा बोललो, निवृत्त झालो तेव्हा शाळेच्या पटांगणात माइकसमोरही बोललो. त्याच्यापुढे जे बोलायला हवं होतं ते मात्र दर वेळी गिळलं. ते इथे लिहितो आहे.

अक्का माझ्या नात्यातल्या नव्हत्या, जातीतल्या नव्हत्या, त्यांच्या घरची भाषाही माझी नव्हती. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या गल्लीत त्यांचं घर होतं. पुढच्या दालनात चार माग, मागे अंगण आणि अंगणाच्या कडेला पत्र्याची एक खोली. मी वळसंगहून कॉलेजसाठी आलो तेव्हा ती खोली मला मिळाली. मागावर काम करणारे सगळे त्यांना अक्का म्हणत आणि त्यांच्या यजमानांना अण्णा. आमच्या घरी कानडी बोलत. कानडीतही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात, त्यामुळे तो शब्द माझ्या तोंडात पहिल्या दिवसापासून बसला.

आमच्या घरी गळ्यात लिंग, अंड्याला कुणी शिवतही नसे. हे कळल्यावर अक्कांनी माझ्यासाठी वेगळी चूल मांडली, वेगळं पातेलं आणि तवा आणला, आणि त्यावर कोळशानं खूण केली. "ह्यात आमचं काय शिजवलं न्हाय, शिजवणार न्हाय. तू निवांत जेव," म्हणाल्या. तीन वर्षं त्यांनी ते पातेलं स्वतः घासलं, सणासुदीच्या मालाच्या गडबडीतसुद्धा दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही.

दुसऱ्या वर्षी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शिक्षण पुरे म्हणून निरोप धाडला. मी पेटी भरायला घेतली.  दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का लुगडं बदलून एकट्या एस.टी.नं वळसंगला गेल्या. तिथे काय झालं ते आप्पांनीच नंतर मला सांगितलं.

आप्पा म्हणाले होते, "रानात माणूस न्हाय, बाई. शिकला की बास दोन वर्षं."

"रानात माणूस मिळतो आप्पा. एक वर्ष ठेवा माझ्याकडं. वाया गेला तर मीच आणून सोडते, दाव्याला बांधून."

"आन तुमाला काय मिळतंय ह्यात?"

"मला चिठ्ठी वाचून दाखवायला माणूस मिळतोय. आमच्याकडं चार माग हायत, पण वाचणारा एक न्हाय."

आप्पा हसले आणि मी शिकलो. इतकं सरळ ते झालं.

त्या अंगणात अक्कांची बदकं असत. सोलापुरात बदकं पाळणं हेच नवल, आणि ही बदकं तर नेहमीची नव्हती. कोंबडीपेक्षा ठेंगणी, पांढरी, गोल डोक्याची, आखूड चोचीची. पुरं वाढलेलं बदक अक्का दोन तळहातांच्या ओंजळीत धरत. मादी अंगाच्या मानानं फार मोठ्यांदा ओरडायची आणि नर घसा बसल्यासारखा नुसता घोगरा आवाज काढायचा. कुणी पाहुणा त्याबद्दल विचारायचा, तेव्हा अण्णा मागावरूनच म्हणायचे, "आमच्या घरात तसंच चालतंय. बदकांनी बघून शिकलंय."

अक्का लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेल्या तेव्हा भावानं टोपलीत घालून दिलेल्या जोडीची ही पैदास. माहेर तेलंगणातल्या एका खेड्यात, तळ्याच्या काठी. पुढे भाऊ वारला. दुष्काळात ते तळं आटलं आणि तिकडची बदकं संपली. "आता माहेर म्हणजे एवढंच हाय बघ," असं म्हणून अक्का अर्ध्या कापलेल्या पिंपाकडे बोट दाखवत. त्या पिंपातच बदकं पोहत. गल्लीच्या तोंडाशी सूत रंगवायचा कारखाना होता, आणि ज्या दिवशी जो रंग असेल त्या रंगाचं पाणी गटाराला येई. बदकं चुकून तिकडे गेली तर गुलाबी होऊन परतत. गल्लीतली माणसं हसत. अक्का हसत नसत, कारण त्या पाण्यानं पोट बिघडून त्यांची दोन बदकं मेली होती. म्हणून अंगणाचं दार त्या सतत लावून घेत.

माझ्या शेवटच्या वर्षी एक नर आणि एक मादी एवढीच उरली. मादीनं रोज एक याप्रमाणे कोपऱ्यात नऊ अंडी घातली. अक्कांनी ती कोंड्यात जपून ठेवली. दहाव्या दिवशी कुणीतरी दार उघडं टाकलं, कुत्रं आत आलं आणि मादी गेली. मागे राहिला नर आणि कोंड्यातली ती नऊ अंडी. त्यांतून एक जरी मादी निघाली असती तरी वंश चालला असता. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही.

आमच्या गल्लीत कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागली, की तिच्याखाली अंडी कुणाच्या हातानं ठेवायची याला फार महत्त्व होतं. हात चांगला असेल तर सगळी फुटतात, नाहीतर निम्मी वाया जातात, असं बायका मानत. अक्कांचा हात चांगला. दोनचार गल्ल्यांतून त्यांना बोलावणं येई. त्या आंघोळ करून जात, कुणाशी न बोलता अंडी ठेवत आणि हातावर गुळाचा खडा घेऊन परत येत. पैसे कुणी देत नसे आणि त्या घेतही नसत. पण गुळाचा तो खडा दाखवताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असे.

ती नऊ अंडी त्यांनी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी खुडूक कोंबडीखाली ठेवली. बदक अंडी घालतं आणि विसरून जातं, म्हणून कोंबडी. "पुढच्या पुनवेला पिल्लं पाण्यात," त्या म्हणाल्या. रोज दुपारी कोंबडी दाणे टिपायला उठली की त्या वाटीत कोमट पाणी घेत आणि बोटांनी अंड्यांवर शिंपडत. बदकाची आई ओल्या पंखांनी येऊन बसते, कोंबडी कोरडी असते, म्हणून. त्यांची आई तसंच करायची.

त्या वर्षी मी प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला पहिल्यांदा अंडं हातात धरलं होतं. तेहेतीस तासांचं, अठ्ठेचाळीस तासांचं, बहात्तर तासांचं कोंबडीचं अंडं फोडून आतला जीव काचपट्टीवर घ्यायचा. गळ्यातल्या लिंगाची मनातल्या मनात क्षमा मागून मी तो घेतला आणि सरांनी माझी काचपट्टी साऱ्या वर्गाला दाखवली. अण्णांना हे कळल्यावर ते कामगारांना म्हणाले, "बघा, अंडी फोडायला शिकवतात आन वरनं फी घेतात. माझ्याकडं आला असता तर फुकट फोडून दिली असती." सगळे हसले, मीही हसलो. पण आत कुठेतरी लागलं. या घरात माझं शिक्षण चिठ्ठ्या वाचण्यापलीकडे कुणाच्या उपयोगी पडलेलं नव्हतं. आपण शिकलो त्याचा अक्कांना काहीतरी फायदा व्हावा, असं मला फार वाटे. त्याच सुमारास कॉलेजात अंधश्रद्धेवर भाषण करून मी बक्षीसही मिळवलं होतं.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस मोजत होतो. चोविसाव्या दिवशी दुपारी कॉलेजातून आलो. कोंबडी वाळून गेली होती. अक्का वाटीत पाणी घेऊन बसल्या होत्या.

"अक्का, आज चोविसावा दिवस."

"असंल की."

"पिल्लं एकविसाव्या दिवशी निघतात. तीन दिवस वर झाले."

"पुनवेला अजून पाच दिवस हायत."

"पुनवेचा काय संबंध? अंड्याला आतून चंद्र दिसतो का?"

अण्णा मागावरून म्हणाले, "अंड्याला दिसत नसंल. आमच्या हिला दिसतोय, तेवढं बास झालं."

"बदकाचं जास्त लागतं रे," अक्का म्हणाल्या. "किती ते मला मोजून येत न्हाय. पुनव ते पुनव, एवढंच येतं."

मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि समजावून सांगू लागलो. काय सांगितलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. अंड्याला ऊब कोणाची? कोंबडीची. मग दिवसही कोंबडीचेच धरायला हवेत. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. त्या क्षणी मला सुचलं आणि सुचल्याबरोबर ते मला शास्त्र वाटलं.

मग मी परीक्षा करून दाखवतो म्हणालो. सुताच्या अंधाऱ्या खोलीत अंडं बॅटरीसमोर धरलं. आत सगळं काळं. प्रॅक्टिकलच्या अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसे, इथे काहीच दिसेना. अंडं भरत आलं की आतला जीवच उजेड अडवतो, हे मला माहीत नव्हतं. आम्ही बहात्तर तासांच्या पुढे गेलोच नव्हतो. काळं म्हणजे कुजलेलं, असं मी ठरवलं. नंतर बादलीत पाणी घेतलं. ताजं अंडं बुडतं, नासलेलं तरंगतं, हे मात्र मी वाचलेलं होतं. नऊच्या नऊ तरंगली. माग थांबवून कामगार बघायला आले.

"ह्येला म्हणतात शिक्षण," एकजण म्हणाला.

तेवढ्यात एक अंडं डोललं. बाजूची स्थिर होती, ते एकटंच कलून परत सरळ झालं.

"हललं की ते," अण्णा म्हणाले.

"पाणी हललं असेल."

"पाणी तर निवांत हाय."

"हलकं झालं की डोलतं," मी म्हणालो. माझा आवाज स्थिर होता, कारण सगळे बघत होते.

अक्कांनी अंड्यांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "कुजली कशानं पण? नऊच्या नऊ?"

 'माहीत नाही' म्हणायला हरकत नव्हती. पण माझी नजर त्यांच्या हातातल्या वाटीवर गेली आणि मी म्हणालो, "रोज पाणी शिंपडलंत ना, त्यानं. कवचाला बारीक छिद्रं असतात. पाणी आत जातं."

त्यांनी वाटी खाली ठेवली. "आई शिंपडायची," म्हणाल्या. आणि स्वतःच पुढे म्हणाल्या, "आईकडं तळ्याचं पाणी हुतं. हितलं नळाचं." मग पदराला हात पुसला आणि आत गेल्या. जाताना म्हणाल्या, "तू शिकलायस. टाकून ये."

बादली घेऊन मी गटाराजवळच्या उकिरड्यावर गेलो. पहिलं अंडं टाकलं ते दगडावर आपटून फुटलं. वास आला नाही. आत पिवळसर ओलं पिल्लू होतं, पुरं झालेलं, चोच पोटाशी घेतलेलं. त्यानं पाय ताणला. चोच उघडली आणि मिटली. थोडा वेळ तसंच चाललं.

माझ्या बादलीत आठ अंडी होती.

यापुढचं मी पन्नास वर्षं, एक पत्र आणि ती गल्ली सोडली तर, कुणाला सांगितलेलं नाही. कोंबडी अजून घरट्यात बसली होती, घर पन्नास पावलांवर होतं. आठ अंडी पुसून परत तिच्याखाली ठेवता आली असती. पाण्यात गार झाली होती, पण काही जगलीही असती. त्यासाठी मला एवढंच करायला हवं होतं की अंगणात जाऊन, त्या सगळ्यांसमोर, "अक्का, माझं चुकलं" म्हणायचं. मी बादलीकडे बघितलं, घराकडे बघितलं. मग एकेक करून आठही अंडी गटाराच्या पाण्यात सोडली. त्या दिवशी पाणी निळं होतं. उकिरड्यावर चुलीतली राख पडलेली होती ती पायानं पिल्लावर सारली. बादली विसळून घरी आलो.

"कुजकीच हुती का रे?" अक्कांनी विचारलं.

"होय," मी म्हणालो.

त्यांनी मला चहा दिला. संध्याकाळी शेजारच्या बाईला सांगत होत्या, "आमच्या पोरानं बघितलं म्हणून कोंबडी वाचली. न्हाईतर बसून बसून मेली असती." त्या आवाजात खोट नव्हती, अभिमान होता. मी खोलीत पुस्तक उघडून बसलो होतो आणि मला सगळं ऐकू येत होतं.

पाच दिवसांनी पुनव झाली. त्या दिवशी अक्का अंगणात फार वेळ उभ्या राहिल्या. त्यानंतर आठवड्यानं मागच्या गल्लीतून कोंबडी बसवायला बोलावणं आलं. मी दारातच होतो.

"दुसरीला बोलव ग," अक्का म्हणाल्या.

"का ओ अक्का? गूळ आणलाय की."

"माझ्या हातानं कुजतंय."

"तुमच्या हातानं? थट्टा करता काय?"

"ह्याला विचार," त्या माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "शास्त्रात हाय ते."

ती बाई माझ्याकडे बघत राहिली. मी मान हलवली. नकारार्थी की होकारार्थी हे मलाही सांगता आलं नसतं, पण तिनं होकार समजून घेतला आणि गूळ घेऊन गेली. मग बोलावणी यायची थांबली. नर पिंपात एकटा फिरे, त्याचा तो बसलेला घोगरा आवाज काढी. उन्हाळ्यात तोही मेला. पिंप पालथं पडलं.

निकाल लागला. सात रस्ता चौकातल्या दुकानातून मी पेढे आणले. अक्कांनी माझ्या पायावर पाणी घालून औक्षण केलं आणि सगळ्या गल्लीत पेढे स्वतः वाटले. मला त्या दिवशी सांगायचं होतं. ओवाळणाऱ्या माणसाला कसं सांगायचं, म्हणून राहिलं. मग करमाळ्याला शाळेत विज्ञान शिक्षकाची नोकरी लागली. तिथे सरकारी कुक्कुटपालनाची एक पुस्तिका हाती आली. कोंबडी एकवीस दिवस, बदक अठ्ठावीस. खाली एक ओळ होती: बदकाची अंडी कोंबडीखाली ठेवल्यास कोमट पाणी शिंपडत जावे. पुनव ते पुनव म्हणजे तेवढेच दिवस, एखादा इकडे तिकडे. अक्कांच्या आईचं सगळं बरोबर होतं.

मी दर महिन्याला अक्कांना कार्ड टाकत असे. प्रत्येक कार्डात 'आपले उपकार' हे शब्द असत. दोन वर्षं मी ते शब्द लिहिले आणि पुस्तिका पेटीत ठेवली.

मग मागावर बसणाऱ्या त्यांच्या मुलाचं लग्न झालं आणि घरात सून आली. ती सातवीपर्यंत शिकलेली होती, आणि आता अक्कांची कार्डं ती लिहू लागली. तिच्या एका कार्डात खुशालीनंतर असं होतं: माहेरच्या बाजूच्या एका कोळ्याकडे अक्कांच्या भाच्याला तशीच ठेंगणी बदकं सापडली आहेत. तो पुढच्या आठवड्यात सोलापूरला येणार आहे, मादी आणि नर आणू का म्हणून विचारतो आहे. अक्का नको म्हणतात. म्हणतात, माझ्या हातानं ती वाढायची नाहीत, उगीच तिकडची जोडी मोडू नको. तुम्हांला कळवायला सांगितलं, कारण तुम्हांला सगळं माहीत आहे.

ते कार्ड मी शाळेच्या मधल्या सुट्टीत वाचलं. पुढचा तास मी घेऊ शकलो नाही. भाच्याचा आठवडा संपायच्या आत पत्र पोचायला हवं होतं. आणि ते वाचणार होती सून, मोठ्यांदा, अंगणात, माग थांबवून बसलेल्या सगळ्यांसमोर. मी चार वेळा लिहिलं. तीन वेळा त्यात माझी बाजू आली, म्हणून फाडलं.

उत्तर दोन ओळींचं आलं. पत्र पोचलं, भाच्याला हो कळवलं आहे. माझ्याबद्दल त्यात एक शब्द नव्हता, आणि तो पुढेही कधी आला नाही. सुट्टीत जाऊन मी पत्रात कबूल केलेलं केलं, पण अक्कांचा औक्षणाच्या वेळचा तो चेहरा त्यानंतर कधी पाहिला नाही. चौथ्या पत्राचा कच्चा खर्डा माझ्याकडे राहिला आहे. तो जसा आहे तसा देतो.

*

अक्कांना शिरसाष्टांग नमस्कार.

वहिनी, हे पत्र अक्कांना मोठ्यांदा वाचून दाखवा. अण्णा घरी असतील तेव्हा वाचा. मधलं काही गाळू नका, मला बरं वाटावं म्हणून एखादा शब्द बदलूही नका.

अक्का, ती अंडी कुजली नव्हती. बदकाला अठ्ठावीस दिवस लागतात. तुम्ही पुनव म्हणालात ते बरोबर होतं, पाणी शिंपडत होतात तेही बरोबर होतं. मी कोंबडीचं शिकलो होतो, बदकाचं मला काहीच माहीत नव्हतं. माहीत नाही असं म्हणायला मला लाज वाटली.

अण्णा, अंडं हललं होतं. तुम्ही बघितलंत ते खरं. मीही बघितलं होतं.

पहिलं अंडं मी टाकलं तेव्हा आत जिवंत पिल्लू होतं. तेव्हा बादलीत आठ अंडी शिल्लक होती. ती मी परत आणू शकत होतो. आणली नाहीत. अंगणात येऊन चुकलो म्हणावं लागलं असतं, म्हणून मी ती गटारात सोडली. तुम्ही विचारलंत तेव्हा कुजकी होती म्हणालो. हे न कळून झालेलं नाही.

मागच्या गल्लीतल्या बाईंना, आणि ज्यांना ज्यांना तुम्ही हाताचं सांगितलंत त्यांना, हे पत्र दाखवा. मी सुट्टीत येईन तेव्हा त्यांच्याकडे जाऊन स्वतः सांगेन. तुम्ही मला घरात घेतलं नाहीत तरी तेवढं करून जाईन.

तुमचा हात चांगला आहे. भाच्याला आजच हो म्हणून कळवा. मादी अंडी घालू लागली की पुनवेच्या दुसऱ्या दिवशी ठेवा, रोज कोमट पाणी शिंपडा, आणि पुनव येईपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नका.

क्षमा मागायला मी हे लिहिलेलं नाही. ती मागण्याइतकं तोंड मला नाही. भाचा निघायच्या आत हे तुम्हांला कळावं, एवढ्यासाठी लिहिलं.

तुमच्या चुलीवर जेवून शिकलेला